राब न भाजण्याचं वर्ष

हे मी अजून कुणाजवळ बोललेली नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. देवळात एकटी असते तेव्हासुद्धा नाही — तिथं मी हात जोडते आणि दुसरंच काहीतरी मागते. मुलाची नोकरी, माझे गुडघे, भाताला बरा भाव. देवापुढंही विषय बदलणारी बाई मी. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुमच्याजवळ बोलतेय. ओळखत असता तर बोलले असते का? मला नाही वाटत.

आणि मला सरळ सांगताही येणार नाही. मध्येच थांबेन, मागं जाईन. आधी वाडी सांगते, मग माणसं, मग ते.

आमची वाडी रोह्याकडच्या खांब गावापासून थोडी आत, डोंगराच्या पायथ्याला. पुढं भाताची खाचरं — भात निघालं की त्याच ओलीवर वाल. मागं डोंगर, अगदी घरांच्या पाठीला टेकलेला. वाडीतलं डोंगराकडचं शेवटचं घर काशीकाकीचं. तिच्या न्हाणीमागनंच गवताचा चढ सुरू होतो.

काशीकाकी म्हणजे माझी चुलत सासू. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, एकटी राहते. मी लग्न होऊन आले तेव्हा मला चुलीवरची भाकरी थापता येत नव्हती, कारण माझं माहेर पेणला, आमच्याकडं गॅस होता. सासू घालूनपाडून बोलायची. काकी मला हळूच तिच्या घरी बोलवायची आणि शिकवायची. मुलाच्या वेळी मला दवाखान्यात नेताना रस्त्यात गाडी बंद पडली, तेव्हा काकीच्या मांडीवर माझं डोकं होतं. हे आधी सांगते. नंतर सांगितलं तर तुम्हाला वाटेल मी स्वतःला वाईट दाखवायला रचून सांगतेय.

आता राब. शहरातल्या माणसाला हे माहीत नसणार. भाताचं रोप ज्या तुकड्यात करायचं तिथं उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या, पाला, शेण, गवत अंथरतात, वर थोडी माती पसरतात आणि पेटवून देतात. जमीन भाजून निघते, तणाचं बी मरतं, राखेत रोप हिरवंगार येतं. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलंय. सासूनं मला पहिल्या उन्हाळ्यात काय शिकवलं असेल तर राब कसा रचायचा ते.

मग शेतीखात्याच्या मॅडम आल्या. चांगली बाई, चपला हातात घेऊन बांधावरून चालायची. समाजमंदिरात बसून तिनं सांगितलं — राबासाठी फांद्या तोडून तोडून डोंगर उघडा पडलाय, माती वाहून खाली येतेय, जाळामुळं जमीन मरतेय. राब भाजू नका. पाला जाळण्याऐवजी कुजवा, उंच वाफ्यावर रोप करा. जी वाडी हे करेल तिथल्या प्रत्येक घराला सरकार हंगामाअखेर प्रोत्साहनाचे पैसे देणार, थेट खात्यात. फक्त अट एकच होती. सगळ्यांनी पाळायचं. एका घरानं जरी राब भाजला तर अख्खी वाडी बाद.

“कळणार कसं?” कुणीतरी विचारलं.

“उपग्रहातून जाळ दिसतो,” मॅडम म्हणाल्या. त्या सहज बोलल्या असतील. पण दोघी-तिघींनी वर छताकडं बघितलं.

त्या अटीनं वाडीत काय झालं ते मला आता दिसतं. तोवर कुणाच्या घरातनं धूर निघाला तर आम्ही समजायचो, पाणी तापतंय. त्यानंतर धूर दिसला की माणसं थांबून बघायला लागली. कुठनं येतोय? किती वेळ येतोय? पोरंसुद्धा सांगत यायची — अमक्याच्या मागं धूर आहे.

योजनेसाठी वाडीचा गट केला, त्याची अध्यक्ष मी झाले. दहावी झालेली, चार माणसांत बोलता येणारी. घरोघर मीच गेले. मी म्हणायचे, राब भाजणं म्हणजे आपल्याच आईला चटका देणं. हे वाक्य माझं मीच तयार केलं होतं. लोकांना फार आवडलं. मॅडमनी वहीत लिहून घेतलं.

एकटी काशीकाकी ऐकेना. भरल्या बैठकीत म्हणाली, “राब भाजल्याबिगर रोप येल कसा गो? मी मरंस्तवर भाजनार.”

सगळे तिच्याकडं वळून बघायला लागले. ते बघणं चांगलं नव्हतं. मी संध्याकाळी तिच्याकडं गेले, समजूत घातली. ती बराच वेळ सुपातला तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, “तू सांगतेस म्हनून नाय भाजत. पन रोप पिवला पडला तर तुझ्या दारात येऊन बसंन, सांगून ठेवते.”

आणि तिनं शब्द पाळला. तिच्या तुकड्यात तिनं एक काडी पेटवली नाही.

मी —

थांबा. आधी हे सांगते की माझा विश्वासच नव्हता. मी जे घरोघर सांगत होते त्यातल्या एका अक्षरावर नव्हता. बोलताना खरं वाटायचं. घरी आले की भीती वाटायची. रोप आलंच नाही तर? आवणाच्या वेळी, म्हणजे रोप खणून लावायच्या वेळी, अध्यक्षबाईच्या वाफ्यात तण आणि बाकीच्यांकडं रोप, असं झालं तर? मी कुणाच्या बांधावर जाऊन रोपाच्या जुड्या मागू? बाया तोंडावर पदर घेऊन हसतील, त्या मला आधीच ऐकू यायला लागल्या होत्या.

डोंगराच्या घडीत, म्हणजे दोन उतारांमधल्या खोलगट जागेत, ओहोळाच्या पलीकडं आमचा एक लहान तुकडा आहे. पडीकच असतो. वाडीतनं दिसत नाही, कुणी जात नाही. मी सरपणाला जाते सांगून तिथं पाला जमवत गेले. थोडा आज, थोडा दोन दिवसांनी. आतल्या आत मी ते ठरवलेलंसुद्धा नव्हतं. नुसतं जमवून ठेवतेय, असं स्वतःला सांगायचे. तुम्ही कधी असं केलंय? हात काम करतायत आणि डोकं म्हणतंय, मी काही करतच नाहीये?

चैत्रात शेजारच्या गावात लग्न होतं. घरी राहिलेली दोन-चार म्हातारी सोडली तर अख्खी वाडी टेम्पोत बसून गेली. आमचे हे कंपनीत शिफ्टला होते, तिकडूनच लग्नाला जाणार होते. काशीकाकी मला न्यायला दारात आली. मी म्हणाले, डोकं दुखतंय. तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. “झोप जराशी,” म्हणाली. आणि गेली.

भर दुपारी मी राब भाजला.

मी. अध्यक्ष. लपून.

उपग्रहाची भीती होती, पण मला वाटलं एवढ्याशा तुकड्याचा जाळ कुठला दिसायला. राब पेटवायच्या आधी चारी बाजूंनी गवत काढून पट्टा मोकळा करतात, मला ते चांगलं ठाऊक होतं. मी केला, पण अरुंद केला, घाईनं. लोक यायच्या आत आटपायचं होतं ना. पेटवलं तेव्हा वारा नव्हता. पानसुद्धा हलत नव्हतं. जाळ खाली खाली, नीट, सरकत होता. मला बरं वाटलं, हेही सांगते. राबाचा तो वास — मला घरी आल्यासारखं वाटलं.

मग डोंगराच्या वरच्या अंगानं वारा उतरला. एकच झोत. पट्ट्यापलीकडचं गवत नुसतं काळं झालं, आधी जाळ दिसलाच नाही. मग दिसला तेव्हा तो माझ्या डोक्यावर होता.

मी ओली फांदी तोडून झोडपलं. दोन ठिकाणी विझवलं, चार ठिकाणी लागलं. मग मी पळाले. ओरडत वाडीकडं नाही पळाले. वाडीची वाट जवळ होती, पण त्या वाटेनं गेले असते तर मी कुठनं आले ते दिसलं असतं. वाडीत म्हातारी माणसं होतीच की. मी ओहोळात उतरले आणि कोरड्या ओहोळातनं, दगडांवरनं, लांबच्या वळणानं घरी आले. घरी येऊन अंघोळ केली. साडी बदलली. ती साडी पाण्यात बुडवून ठेवली. बाहेर डोंगर पेटत होता आणि मी केसांना पाणी लावत होते.

दारात आले तेव्हा चंदर धावत येताना दिसला. चंदर आमच्याच आळीतला, माझ्या पोरापेक्षा थोडा मोठा. त्याची गाय व्यायला झाली होती म्हणून लग्नातनं लवकर निघून आला होता. गाय डोंगरावर सोडलेली. त्यानं मला बघितलं आणि धावता धावता ओरडला, “वैनी, वनवा लागलाय! लोकांना फोन लावा, मी गाय घेऊन येतो!”

आणि तो घडीकडच्या वाटेला लागला.

मला माहीत होतं ना. जाळ कुठं सुरू झालाय, कुठल्या अंगानं फिरणार, सगळ्या वाडीत एकटीला मला माहीत होतं. खालनं त्याला फक्त माथ्यावरचा धूर दिसत होता. त्याला वाटलं आग वर आहे, घडीतनं गेलं की बाजूनं निघता येईल. मला फक्त एवढंच ओरडायचं होतं — चंदर, तिकडनं नको. तीन शब्द. तोंड उघडलंसुद्धा मी. मग वाटलं, विचारतील, तुला कसं कळलं?

मी म्हणाले, “व्हय.” आणि फोन लावायला आत गेले.

लोक आले, पोरांनी फांद्या घेऊन झोडपायला सुरुवात केली, संध्याकाळच्या आधी चंदरला झोळीत घालून खाली आणला. गाय वाचली, ती केव्हाच दुसऱ्या अंगानं उतरून गोठ्यात आली होती. चंदरला आधी रोह्याला नेला, तिथून मुंबईला न्यायला सांगितलं. वडखळच्या अलीकडं गाडीतच गेला. त्याची बायको सुगंधा बरोबर होती. नाक्यापासून मागं गाड्यांची रांग लागली होती आणि ती ड्रायव्हरला हात जोडून म्हणत होती, थांबू नको, तो थंड पडतोय. हे मला तिनंच सांगितलं. मलाच सांगितलं, कारण मी तिच्याजवळ बसून होते, तेराव्यापर्यंत रोज.

तुम्हाला वाटेल, झालं, हाच कबुलीजबाब. नाही. हे झालं ते एका दुपारीत झालं. भित्र्या माणसाच्या हातनं होतं तसं झालं. पुढचं मी शांत डोक्यानं केलंय.

मॅडम आल्या. रडल्यासुद्धा. पण त्यांना वर कळवायचं होतं आग कशानं लागली. बैठकीत त्या म्हणाल्या, राबामुळं लागली असेल तर योजनेतून वाडी जाईल, माझ्या हातात काही नाही. घरातली चूल, ठिणगी, असा अपघात असेल तर तो वेगळा विषय. त्या अट सांगत होत्या, दुसरं काही नाही.  पण बैठकीत हळूहळू एकेक मान वळली — काशीकाकीकडं. मरंस्तवर भाजनार म्हणाली होती ना ती.

“मी नाय भाजला,” काकी म्हणाली. “माझा तुकडा जाऊन बघा.” बघितला. तिथं काहीच जळलेलं नव्हतं. पण आग तिच्या न्हाणीपर्यंत येऊन थांबली होती, मागचं सगळं काळं. आणि लोकांना काहीतरी हवं होतं. राब नको होता. राब निघाला असता तर सगळ्यांचं गेलं असतं. चूल निघाली तर कुणाचंच काही जाणार नव्हतं.

मला कुणी सांगितलं नाही की काकीकडं जा. मी आपणहून गेले. ती पडवीत भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्या शेजारी बसले, पाठीवर हात ठेवला.

“काकी, लग्नाला निघायच्या आधी चुलीतली राख कुठं टाकलीस?”

“मागं. रोज टाकते तिथंच. का गो?”

“विझली होती ना?”

“पानी मारला होता.” मग ती थांबली. “मारला होता बहुतेक.”

ते बहुतेक. मला ते ऐकू आलं, आणि मी ते धरलं. बुडणारा माणूस दोर धरतो तसं नाही — मी बुडत नव्हतेच, माझ्यावर कुणाचा संशयही नव्हता. मी ते बाजारातल्या वस्तूसारखं उचललं.

“बहुतेक म्हणजे? नीट आठव.”

“रोज मारते गो. त्या दिशी… टेम्पो आला होता, हाका मारत होते. नेमका आठवत नाय.”

“वारा कसला सुटला होता. एखादी ठिणगी राहिली असेल. तू काही मुद्दाम केलंस का? माणसाकडनं होतं. सांगून टाक काकी, मोकळी होशील. वाडीचं पण निभेल. मी आहे ना तुझ्या पाठीशी.”

ती माझ्याकडं बघत राहिली. तिच्या तोंडावर राग नव्हता. ती आठवत होती. खरंच, प्रामाणिकपणानं, डोळे बारीक करून ती त्या सकाळी जाऊन येत होती — घागर, चूल, राख, पाणी. माझ्या समोर तिनं ते पाणी आठवणीतनं हळूहळू पुसून टाकलं.

“म्हंजे मी मारला का गो चंदरला?” तिनं विचारलं.

नाही म्हणायला किती वेळ लागतो?

मी म्हणाले, “तू मुद्दाम नाही ना केलंस.”

दुसऱ्या दिवशी ती बैठकीत उभी राहिली. उभी राहताना माझा खांदा धरला. म्हणाली, माझ्या राखेतली ठिणगी उडाली, माझ्या हातनं चंदर गेला, काय शिक्षा करायची ती करा. कुणी शिक्षा केली नाही. सगळे फार चांगले वागले. होतं काकी, तुमचं वय झालं, वाऱ्याचा काय भरवसा. सुगंधा तेवढी उठली, काकीच्या समोर आली आणि तिच्या पायाजवळ थुंकली. मग निघून गेली. मी तिच्या मागं गेले, तिला जवळ घेतलं.

सगळ्यांत वाईट गोष्ट अशी की त्या वर्षी रोप सुंदर आलं. न भाजलेल्या वाफ्यांवर, कुजलेल्या पाल्यात, असं दाट आणि काळंभोर हिरवं की म्हातारी माणसं बांधावर येऊन हात लावून बघायची. काकीच्या तुकड्यातलं तर सगळ्यांत चांगलं. मॅडमचं सगळं खरं होतं. मी जे न मानता घरोघर सांगत फिरले ते सगळं खरं होतं. माझ्या घडीतल्या तुकड्यात मी पेरायला गेलेच नाही. पावसात तिथं गवत वाढलं आणि बाकीच्या डोंगरासारखाच तो दिसायला लागला.

वाडी पास झाली. पैसे आले. काकीनं तिचे सगळे सुगंधाच्या ओट्यावर नेऊन ठेवले आणि सुगंधानं ते ओट्यावरून ढकलून दिले.

दिवाळीनंतर पेणला शेतकऱ्यांचा मेळावा झाला. मला बोलायला बोलावलं, शाल दिली, नारळ दिला. माझ्या माहेरच्या गावात, ओळखीच्या माणसांपुढं. मी बोलताना काय बोलले सांगू? मी काकीची गोष्ट सांगितली. नाव नाही घेतलं. म्हणाले, आमच्या वाडीत एका वयस्कर बाईच्या चुकीनं वणवा लागला, एक तरुण गेला, पण त्या बाईनं सगळ्यांसमोर उभं राहून खरं सांगितलं, असा खरेपणा पाहिजे. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं डोळे पुसले. मलाही रडू आलं होतं. ते खोटं नव्हतं — हेच मला अजून समजत नाही. इतकं खोटं बोलताना रडू खरं कसं येतं?

काकीनं चूल पेटवणं सोडलं. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग कळलं, ती पोहे भिजवून खाते, पाण्यातला शिळा भात खाते. थंडीत गार पाण्यानं अंघोळ करते. आम्ही बाया डबे द्यायला लागलो. कुणी विडी पेटवली तरी ती उठून लांब जाते. फाल्गुन लागला की दुपारी ती न्हाणीमागं जाऊन बसते, डोंगराकडं तोंड करून, शेजारी पाण्याची घागर. एकदा मी विचारलं, काकी, उन्हात काय करतेस? “राखन,” ती म्हणाली.

ती रोज सुगंधाच्या दारात जायची. सुगंधा आत घ्यायची नाही. काकी बाहेरच्या बाहेर अंगण झाडायची, पाणी भरून ठेवायची, निघून यायची. वर्षभर सुगंधा तिच्याशी अक्षर बोलली नाही. मग एक दिवस सुगंधाला ताप होता आणि तिचं पोर रडत होतं, तेव्हा तिनं दार उघडं ठेवलं. काकी त्या दिवशी माझ्याकडं येऊन ओक्साबोक्शी रडली. “तिनं मला पोर घेऊ दिला गो,” म्हणाली. मी तिला पाणी दिलं. त्या क्षणी मी सांगू शकले असते. असे कितीतरी क्षण आले, आणि प्रत्येक वेळी मला वाटलं, आत्ता नको, आत्ता ती जरा सावरतेय.

आता हे अगदी अलीकडचं. काकीनं ठरवलं की तिचा तुकडा, त्या वर्षी ज्यात सगळ्यांत चांगलं रोप आलं तोच, सुगंधाच्या पोराच्या नावावर करायचा. आमचे हे चिडले. काकीच्या मागं तो आमच्याकडंच यायचा होता. मला म्हणाले, “तू समजव तिला. तुझं ऐकते ती.” मी समजावलं नाही. वाडीत लोक म्हणाले, शालन वैनीचं मन मोठं, दुसरी असती तर अडवलं असतं. हेसुद्धा माझ्याच पदरात पडलं बघा. त्या तुकड्यानं माझं काही फिटलं, असं मी म्हणत नाही. तो माझा नव्हताच.

रोह्याला कचेरीत आम्ही तिघी गेलो — काकी, सुगंधा, मी. काकीच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजलेल्या, यंत्रावर अंगठा उमटेना. तिथल्या माणसानं तिला परत परत हात पुसून ठेवायला लावला. मग विचारलं, “आजी, स्वखुशीनं देताय ना? कुणी जबरदस्ती केली नाही ना?”

“नाय,” काकी म्हणाली. “माझा देना हाय.”

साक्षीदार दोन लागत होते. एक बाहेर बसून कागद लिहून देणारा माणूस झाला. दुसरी मी. त्यानं बोट ठेवून जागा दाखवली, मी माझं पूर्ण नाव लिहिलं, वळणदार, शाळेत शिकवल्यासारखं.  

बाहेर सुगंधा रिक्षा बघायला गेली. काकी आणि मी पायरीवर बसलो. तिच्या अंगठ्याला शाई लागली होती, मी माझ्या पदरानं पुसत होते. ती म्हणाली, “आता जरा हलका वाटतंय गो.” मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, “त्या दिशी तू आलीस म्हनून मला कबूल करता आला. नायतर मी खोटा बोलून मेले असते.”

मी म्हणाले, “चल काकी, रिक्षा आली.”

काशीकाकी जिवंत आहे. तिचं घर माझ्या दारातनं दिसतं, आणि आता हे सांगताना ती न्हाणीमागं बसलेली दिसतेय. मी तिला सांगितलेलं नाही. काल मॅडमचा फोन आला होता, यंदाही अध्यक्ष मीच आहे.